सीट सोडायची की नाही, हे झोप झाल्यावर ठरवा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २७ वर्षांच्या. मराठवाड्यातल्या एका लहान गावातून आलेल्या, घरातल्या पहिल्या डॉक्टर. एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनला जेआर-वन (पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टर) म्हणून रुजू होऊन पाच महिने झालेत. दर चौथ्या दिवशी इमर्जन्सी ड्यूटी. ती सकाळी आठला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा राउंड झाल्यावरच संपते. वजन सहा किलो उतरलंय. एकदा सिग्नलला स्कूटीवर डोळा लागला. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे साडेचारला, पोटॅशियम वाढलेल्या किडनीच्या पेशंटसाठी १० युनिट इन्सुलिन भरलं, तेव्हा बाटली प्रति मिली १०० युनिटची आणि सिरिंज ४० ची होती. सिस्टरांनी वेळेवर हात धरला, पेशंटला काही झालं नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक डोस चारचारदा तपासतात, हात थरथरतो, ऑफ असला तरी झोप लागत नाही. "सकाळ उजाडलीच नाही तर बरं, असं कधीकधी वाटतं." को-रेसिडेंटने झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप दिली आहे. सरांकडे विषय काढला तर "आमच्या वेळी तर..." सुरू होतं. वडील म्हणतात, अडीच वर्षं दम धर. सायकियाट्रिस्टला दाखवलं तर रजिस्ट्रेशनवर परिणाम होईल ही धास्ती आहेच. त्यांचा प्रश्न: "सीट सोडू, की दात-ओठ खाऊन काढू? आणि मी डॉक्टर व्हायच्या लायकीचीच नाही का?"

डॉक्टर,

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पण मधेच एक वाक्य जाता जाता लिहून गेलात, सकाळ उजाडली नाही तर बरं. तुमच्यासमोर बसलेला पेशंट असं बोलला असता, तर तुम्ही बाकीची हिस्टरी तशीच ठेवून तिथे थांबला असता. आपणही तिथूनच सुरुवात करू.

जे तुम्ही पेशंटला विचारता, तेच स्वतःला विचारा. हा विचार नुसता येऊन जातो, की कसं आणि कधी, इथपर्यंतही जातो? दुसरं असेल तर बाकीचं उत्तर नंतर वाचा. आज रात्री खोलीवर एकट्या राहू नका. एका माणसाला आडवळणाने न सांगता स्पष्ट सांगा, "मला जगू नये असं वाटतंय, माझ्यासोबत थांब." आणि आजच डॉक्टरांना दाखवा. वेळ रात्रीची असेल तर कॅज्युअल्टीत जा, तिथून ऑन-कॉल सायकियाट्रिस्टला बोलावता येतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. विचार नुसता येऊन जाणारा असला, तरी या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्याच. आणि ती स्ट्रिप परत करा. गोळ्या खोलीत नकोत.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यातल्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती आणि त्यातल्या सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. पाहणी स्वेच्छेने भरायची होती, म्हणून तो आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. पण राउंडला तुमच्या शेजारी उभे असलेले तीनही जण ठणठणीत आहेत आणि आपणच कमी पडतोय, हा जो तुमचा समज झालाय, तो त्या आकड्यापुढे टिकत नाही. ते बोलत नाहीत, एवढंच.

आता त्या पहाटेबद्दल. पत्रात तुम्ही तिला "माझा निष्काळजीपणा" म्हटलंय. जरा हिशेब मांडू. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिट प्रति मिलीच्या बाटलीसाठी असते. तिच्यावरची १० ची खूण म्हणजे पाव मिली. १०० युनिट प्रति मिलीच्या बाटलीतून पाव मिली ओढलं की येतात २५ युनिट, म्हणजे अडीच पट. १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते, आणि ती तुमच्या वॉर्डात नव्हती. ४० ची बाटली स्टोअरला संपलेली. नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेर गेले, चिठ्ठीवर फक्त "इंजेक्शन इन्सुलिन" लिहिलेलं असणार, केमिस्टने हाती लागली ती बाटली दिली. तुम्ही तेव्हा वीस तासांहून जास्त जाग्या होतात. या साखळीत तुमची कडी शेवटची, म्हणून ती तेवढी दिसते.

मग चूक तुमची नव्हतीच का? होती, थोडी. बाटलीवरचं लेबल वाचणं डॉक्टरचं काम आहे आणि ते कुणी तुमच्यावरून उतरवून घेणार नाही. पण "यापुढे जास्त काळजी घेईन" हा उपाय नव्हे. काळजी घेण्याची ताकदच पहाटे साडेचारला शिल्लक नसते. चारचारदा तपासण्याचाही उपयोग कमी, कारण थकलेला मेंदू तीच चूक चारही वेळा बरोबर म्हणून पाहतो. तपासणारी नजर दुसरी हवी. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड आणि हेपॅरिन या तिघांसाठी एक नेम करा. बाटली सिस्टरांच्या हातात द्यायची आणि नाव, प्रति मिली किती, किती मिली, एवढं त्यांनी मोठ्याने वाचायचं. दहा सेकंद लागतात. पोटॅशियमच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि ते थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, हे तुम्हाला झोपेतही पाठ असेल. हेपॅरिनचं मात्र अनेकांचं चुकतं. ५ मिलीची एक बाटली प्रति मिली १,००० युनिटची आणि दुसरी ५,००० ची येते, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. बाहेरून औषध मागवताना चिठ्ठीवर ताकद लिहायचीच: "४० युनिट प्रति मिली, सोबत त्याच मापाची सिरिंज." शिवाय किडनीच्या पेशंटमध्ये इन्सुलिन शरीरात रेंगाळतं, म्हणून त्यानंतर चार ते सहा तास दर तासाला शुगर बघायची, हे केसपेपरवर लिहून ठेवा. म्हणजे तुमच्यानंतर ड्यूटीवर येणाऱ्यालाही कळतं.

ही गोष्ट तुम्ही फक्त बहिणीला सांगितलीत. युनिटच्या लेक्चररनाही सांगा, पण कबुलीजबाब देतोय अशा सुरात नको. असं म्हणा: "सर, परवा १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज असा घोळ होता होता राहिला. वॉर्डात नारिंगी सिरिंजचं एक पाकीट ठेवता येईल का?" अशी मागणी मान्य करायला कुणाचं काही जात नाही, आणि पुढच्या बॅचची एक चूक टळते. तुमच्या बाजूनेही फरक पडतो. लपवलेली चूक रात्री एकटं गाठते. सांगितलेल्या चुकीचं वॉर्डातलं एक काम होऊन जातं.

झोपेकडे येऊ, कारण बाकी सगळ्याचं मूळ तिथे आहे. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया आणि लक्ष १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं मंदावतं. २४ तासांनंतर ते १०० मिलिग्रॅमच्या पातळीला जातं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पोस्ट-इमर्जन्सीला (इमर्जन्सीनंतरच्या दिवशी) तुम्ही स्कूटीला किल्ली लावता तेव्हा तुमची अवस्था काय असते, ते यावरून धरा. त्या दिवशी स्कूटी चालवायची नाही. रिक्षा करा, नाहीतर ड्यूटी रूममध्ये तासभर झोपून मग निघा. झोपेबद्दलची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात तातडीची सूचना हीच आहे.

इमर्जन्सीच्या आदल्या रात्री नऊला आडवं व्हायचं, थीसिसचं काहीही उरलेलं असो. रात्री बारा ते तीनमध्ये जेव्हा जरा उसंत मिळेल तेव्हा २० मिनिटांची डुलकी घ्या आणि को-रेसिडेंटशी पाळी लावा, एक झोपला की दुसरा फोन उचलेल. वीस मिनिटांच्या पुढे गेलात तर सरळ दीड तास झोपा. मधेच, पाऊण तासाने उठवलं तर माणूस बधिर उठतो, आणि ती बधिरता उतरायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास जातो. उठल्या उठल्या प्रोसीजर करायला जाऊ नका. पहाटे तीन ते पाच शरीराचा सगळ्यात पडता काळ असतो, टाळता येतील अशी कामं तेव्हा नकोत. चहा-कॉफी डुलकीच्या आधी घ्या, उठेपर्यंत ती काम करू लागते, पण सकाळी झोपायचं असेल तर त्याआधी सहा तास बंद. एप्रनच्या खिशात चिक्की किंवा खजूर ठेवा. आणि पाणी प्या. बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या आणि मग यूटीआयसाठी (लघवीच्या संसर्गासाठी) स्वतःच अँटिबायोटिक घेणाऱ्या मुली प्रत्येक बॅचमध्ये असतात.

हे सगळं मात्र मलमपट्टीच आहे. ३६ तासांची ड्यूटी चिक्कीने बरी होत नाही. म्हणून सरांच्या "आमच्या वेळी"कडे वळू.

त्यांच्या वेळी त्यांनी सोसलं, हे खरंच असेल. पण तेव्हा रात्रीत एवढे सीटी स्कॅन नव्हते, एवढे व्हेंटिलेटर नव्हते, जनआरोग्य योजनेचे कागद अपलोड करायचे नव्हते. ड्यूटीचे तास तेच दिसतात, त्या तासांतलं काम वाढलंय. आणि नियमाचंच बोलायचं तर तो त्यांच्या वेळीही होता. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत म्हटलंय की सलग ड्यूटी सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवडा ४८ तासांचा असावा. आयोगाची २०२३ ची पदव्युत्तर नियमावली तासांचा आकडा देत नाही, "वाजवी" एवढाच शब्द वापरते. पण आठवड्याची एक सुटी (कामाची निकड नसेल तर, ही मेख आहेच), वर्षाला २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा त्यात स्पष्ट लिहिली आहे. वर सांगितलेल्या कृतिगटाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक सुटी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, नियम नव्हे. तिच्या जोरावर भांडायला जाल तर पहिल्याच वाक्याला अडाल.

मग जायचं काय घेऊन? चौदा दिवसांचा तक्ता. वहीत चार रकाने करा: कधी आलात, कधी सुटलात, किती झोप मिळाली, आणि डॉक्टरचं नसलेलं काम किती वेळ केलंत. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सॅम्पल लॅबला पोचवणं, रिपोर्ट आणणं, ब्लड बँकेच्या खेपा, ट्रॉली ढकलणं, फॉर्म भरणं. बहुतेकांना तो रकाना भरल्यावरच कळतं की रात्रीतले दोन-तीन तास यातच जातात. तक्ता एकटीचा नको, युनिटच्या तिन्ही-चारही जेआरनी भरावा आणि सीनियर रेसिडेंटला बरोबर घेऊन युनिट हेडकडे जावं. "आम्ही थकतो" या वाक्याला आपल्याकडे किंमत नाही, वाईट आहे, पण तसंच आहे. "रात्री दोन ते पाच वॉर्डात एकही डॉक्टर नसतो, तो लॅबच्या खेपांत असतो" याला आहे. मागणी एकाच वेळी दोनच ठेवा. रात्रीच्या सॅम्पलसाठी एक मामा (वॉर्डबॉय), आणि पोस्ट-इमर्जन्सीला दुपारी बाराला पेशंट सोपवून सुटी. दुसऱ्या मागणीवर "पेशंटचं काय?" असा प्रश्न येणारच, म्हणून हँडओव्हरचा कागद आधीच तयार ठेवा. कोण किती गंभीर, थोडक्यात आजार, काय करायचं राहिलंय, बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. अशी ठरावीक पद्धत अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत लावली तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या होत्या. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

युनिट हेडनी उडवून लावलं तर मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीमार्फत डीनकडे, लेखी. एकटीने, तोंडी, राउंडच्या मधे नको. "टर्म ग्रँट होणार नाही" (म्हणजे परीक्षेला बसू देणार नाही) ही धमकी एकट्याला देता येते, सह्या केलेल्या आठजणांना देणं अवघड जातं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: शिक्षा म्हणून लावलेली जादा ड्यूटी, जातीवरून टोमणे, सगळ्यांसमोर केसपेपर फाडणं याला कामाचा ताण म्हणत नाहीत, रॅगिंग म्हणतात. त्याची तक्रार १८००-१८०-५५२२ वर होते आणि त्यासाठी चौदा दिवस थांबायचं नसतं.

आता उपचारांबद्दलची धास्ती. नैराश्यावर उपचार घेतले म्हणून डॉक्टरचं रजिस्ट्रेशन जात नाही. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम २३ ने तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि तो डॉक्टर-पेशंटलाही लागू आहे. तरी आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत, आपल्याच इंटर्नसमोर केसपेपर काढायला अवघड वाटतं, ते समजण्यासारखं आहे. मग तिथे जाऊच नका. दुसऱ्या कॉलेजात, जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात किंवा खासगीत दाखवा. फक्त "मी स्वतःच एस्सिटालोप्रॅम सुरू करते" हे नको. नैराश्यावरच्या या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते आणि त्या काळात तुमच्यावर लक्ष ठेवणारं दुसरं कुणीतरी हवं. अल्प्राझोलाम या चिंता-झोपेसाठीच्या गोळीचं तर बोलायलाच नको. दोन-तीन आठवडे रोज घेतलं की सोडताना झोप आणखी उडते, मग गोळी वाढते, आणि वॉर्डातून ती मिळणं तुम्हाला फार सोपं आहे.

जाण्याआधी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्नांपैकी नववा हा तुमच्या त्या वाक्याबद्दलचाच आहे, तिथे शून्य लिहू नका. बेरीज १० किंवा जास्त आली तर याला "थकवा" म्हणून सोडता येणार नाही. आणखी एक. सहा किलो वजन सगळं ताणाच्या नावावर घालू नका. पाच महिने तुम्ही टीबीच्या पेशंटमध्ये वावरताय. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), बी-१२, शुगर आणि छातीचा एक्स-रे करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची सीबीनॅट ही टीबीची तपासणी. दुसऱ्याला हे सगळं पहिल्याच भेटीत लिहून देणारे डॉक्टर स्वतःच्या बाबतीत ते सहा महिने पुढे ढकलतात.

मग सीट. तुम्ही दोनच दारं धरलीत, सोडायचं किंवा सोसायचं. मधे आणखी आहेत. वैद्यकीय कारणाने चार-सहा आठवड्यांची रजा घेता येते. परवानगीपेक्षा जास्त दिवस झाले तर तेवढी मुदत वाढते, परीक्षा कदाचित एक खेप पुढे जाते. आत्ता ते डोंगराएवढं वाटेल, चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सहा महिने कुणाला आठवणारही नाहीत. परत आल्यावर आधी हलकं पोस्टिंग मागता येतं. आणि विषयच नको असेल, तर तोही निर्णय सन्मानाचा आहे, पण तो मेडिसिनबद्दल असावा, झोपेबद्दल नव्हे. फरक ओळखायचा एक साधा मार्ग आहे. सलग दहा दिवस नीट झोप झाल्यावर एखादी अवघड केस वाचावीशी वाटते का, ते बघा. वाटली, तर विषय तुमचा आहे, फक्त वेळापत्रकाने मारलंय. झोप भरून, उपचार सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाले आणि तरीही वॉर्डाच्या दारात पोटात गोळा येत असेल, तर सोडण्याचा विचार शांतपणे करा.

सोडण्याआधी दोन कागद वाचा, तुमच्या वर्षाची सीईटी सेलची माहितीपुस्तिका आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला बाँड. दंड किती, मूळ कागदपत्रं कधी मिळणार, पुढच्या नीट-पीजीला बसता येईल का, हे त्यातच असतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतं. आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळवलं होतं की सीट सोडल्यास भरमसाट दंड घेण्याऐवजी एक वर्ष प्रवेशबंदीचा विचार करावा. पण तुम्हाला लागू होतं ते तुमच्या बाँडवर जे लिहिलंय तेच.

वडिलांना मात्र आज फोन करा. "दम धर" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कळलेलंच नसतं की काय धरायचंय. त्यांना सीटबद्दल काही विचारू नका. एवढंच सांगा: "बाबा, मी आजारी आहे, सहा किलो वजन उतरलंय, डॉक्टरला दाखवायला जाणार आहे. आईला आठ दिवस इकडे पाठवा." आजार हा शब्द गावाकडे लगेच कळतो. हॉस्टेलवर आईला ठेवू देत नसतील तर बहिणीला बोलावून जवळ आठ दिवसांची खोली घ्या. पीजींना हॉस्टेलची सक्ती नाही, तेही २०२३ च्या नियमावलीतच आहे.

लायकीबद्दल विचारलंत. सिस्टरांनी हात धरल्यावर तुम्ही सिरिंज खाली ठेवलीत, त्यांच्यावर ओरडला नाहीत, पेशंटला बरोबर डोस दिलात आणि तीन आठवड्यांनी स्वतःहून हे लिहून पाठवलंत. यावरून काय ठरवायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि स्ट्रिप परत द्यायला जाल तेव्हा त्या को-रेसिडेंटला विचारा, तो स्वतः कधीपासून घेतोय.